एलएलबी की एमएसडब्ल्यू? की दोन्ही एकदम?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी २३ वर्षांची, उत्तर गोव्यातल्या खाणपट्ट्यातली. समाजशास्त्र घेऊन बीए झाली, ६२ टक्के मिळाले. गेलं दीड वर्ष बायका-मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात, नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेल्या एका बाईंना घेऊन ती पोलीस स्टेशनवर गेली. तिथे तिला विचारलं गेलं, ‘‘तू कोण? वकील आहेस का? नाहीस ना, मग बाहेर बस.’’ ती दीड तास बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ‘समजुतीने घ्या’ एवढंच ऐकून बाई बाहेर आल्या. तक्रार नोंदलीच गेली नाही.

त्या दिवशी तिने एलएलबी करायचं ठरवलं. पण मन रमतं ते समाजकार्यात, म्हणून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवीही करायची आहे. अमेरिकेत कायदा आणि समाजकार्य या दोन्हींची जोडपदवी चार वर्षांत मिळते, असं तिने वाचलं. तसं इथे करता येईल का? खाणी २०१२ मध्ये थांबल्या, चालू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा वडिलांनी ट्रक विकला. आता ते छोटं दुकान चालवतात. ते म्हणतात, एक काय ते धड कर. मामा म्हणतो, वकिलीच कर, सरकारी जागा निघतात. आई म्हणते, दोन्ही करेपर्यंत तिशी येईल, लग्न कधी करणार? मुलगी विचारते, ‘‘ताई, दोन्ही केलं तर मी धड ना इकडची, धड ना तिकडची अशी होईन का?’’

प्रिय बाय,

आधी नियमाचं सांगते, म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, ही बातमी तुझ्याही वाचनात आली असेल. पण त्याच सूचनांमध्ये असंही आहे की ज्या शिक्षणाला स्वतंत्र परिषद आहे, तिथे त्या परिषदेचे नियम पाळायचे. कायद्याच्या शिक्षणाला बार कौन्सिल ऑफ इंडिया आहे, आणि तिचे २००८ चे नियम स्पष्ट सांगतात की एलएलबी करत असताना दुसऱ्या कुठल्याही नियमित पदवीला नाव घालता येत नाही. सूट आहे ती भाषेच्या किंवा संगणकाच्या छोट्या अर्धवेळ प्रमाणपत्रांना आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना.

म्हणजे सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी एमएसडब्ल्यूचा वर्ग, हे जमणार नाही. नियमित एलएलबी आणि सोबत दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू, हे नियमात बसतं. उलटं मात्र नाही, कारण दूरशिक्षणाने केलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. दूरशिक्षणाची वाट धरलीस, तर लॉ कॉलेजला प्रवेशाच्या वेळीच लेखी कळव आणि त्यांचं उत्तर फायलीत ठेव. ‘दोन्हीकडे नाव घाला, कुणाला कळतंय’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. सनदेसाठी अर्ज करशील तेव्हा सगळी कागदपत्रं पुढे येतात, आणि तेव्हा फसलीस तर तीन वर्षं पाण्यात जातील.

अमेरिकेतल्या जोडपदवीबद्दल तू बरोबर वाचलंस. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांत ती आहे. तिथे कायद्याची पदवी तीन वर्षांची आणि समाजकार्याची दोन, आणि काही विषय दोन्हीकडे धरले जात असल्यामुळे पाचाऐवजी चार वर्षांत काम होतं. पण एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असावी. तिथेही बहुतेक ठिकाणी कायद्याचं पहिलं वर्ष संपूर्ण कायद्यालाच द्यावं लागतं, आणि समाजकार्यासाठी किमान ९०० तासांचं फील्डवर्क वेगळं करावं लागतं. विषय थोडेफार एकमेकांत मोजतात, इतकंच. दोन धंदे कुणी तिथेही एकत्र कालवून देत नाही. शिवाय तिथून शिकून आलीस तर तो कायदा तिथला असेल, आणि इथे उभं राहायला बार कौन्सिलची मान्यता आणि वेगळी पात्रता परीक्षा लागेल. खर्चाचं तर तुझ्या बाबांपुढे बोलायचीही सोय नाही. तो विचार तू सोडून दे, असं मी मनापासून सांगते.

आता त्या बाकावर येते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडकले. तू लिहिलंस, ‘‘मी वकील असते तर त्यांनी मला आत घेतलं असतं.’’ सगळा बेत तू या एका वाक्यावर उभा केला आहेस, म्हणून ते नीट तपासू या.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा काढून बघ. कलम ४ म्हणतं, हिंसाचार झाला आहे किंवा होतो आहे असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. कलम ५ म्हणतं, बाई पोलिसाकडे आली तर तिला तिचे हक्क सांगणं, मोफत वकील मिळतो हे सांगणं त्या पोलिसाचं कर्तव्य आहे. कलम १२ मध्ये तर बाईच्या वतीने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणाऱ्यांत ‘अन्य कोणतीही व्यक्ती’ असे शब्दच आहेत. गुन्ह्याची खबर द्यायलाही वकील लागत नाही. पोलीस स्टेशनने ती घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं.

म्हणजे त्या दिवशी तू पदवीविना अडली नव्हतीस. तुला ही तीन-चार कलमं माहीत असती, हातात दोन प्रतींत लिहिलेला अर्ज असता आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागायचा धीर असता, तर तुला बाहेर बसवणं एवढं सोपं गेलं नसतं. हे तुला कमी लेखायला सांगत नाही. चूक ज्याने तुला बाहेर बसवलं त्याची आहे. पण ‘मला कुणी अडवू नये’ म्हणून तीन वर्षं कायदा शिकायला निघणं आणि कायद्याचं काम आवडतं म्हणून निघणं यांत फार फरक आहे. काळा कोट घातलेल्यांनाही बाहेर बसवतात. मलाही बसवलं आहे, सनद मिळून सहा वर्षं झाल्यावर.

मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालवले. तिथे समाजकार्य शिकलेल्या बाया पोलिसांच्याच आवारात टेबल टाकून बसल्या. त्यांना तिथे बसायला सनद लागली नाही, तशी व्यवस्था उभारावी लागली. तुझ्या तालुक्यात असं एखादं टेबल नसेल, तर त्यावर उपाय तू एलएलबी होणं हाच एक आहे का, याचा विचार कर.

आता माझं सांगते. मी वकील आहे, एमएसडब्ल्यू केलेली नाही. २००९ साली मी फोंड्याला आठवड्यातून एक दिवस मोफत सल्ल्याला बसत असे. एक बाई आली, तिशीच्या आतली. पिशवीतून तिने आधी पोळीभाजीचा डबा काढून बाजूला ठेवला, मग त्याखालची प्लास्टिकची पिशवी, मग तिच्यातला चार घड्या घातलेला कागद. घड्यांवर कागद विरत आला होता. तिने विचारलं, ‘‘वकीलबाय, अर्धं घर माझं ना?’’

गोव्यातलं लग्न कसं नोंदलं जातं, हे तुला माहीत आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी. दुसरी झाली की कायद्याने लग्न झालं, आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. तिच्याकडे होता तो कागद पहिल्या सहीचा. देवळात लग्न झालं, गावजेवण झालं, दोन मुलं झाली, पण दुसऱ्या सहीला कुणी तिला नेलंच नाही. ‘सही झाली’ म्हणजे झालं, असं ती आठ वर्षं धरून चालली होती.

मी तिला खरं ते सांगितलं. कायद्याने तुझं लग्न नोंदलेलं नाही, त्यामुळे अर्ध्या घराचा हक्क सांगता येणार नाही. दहा मिनिटांत काम झालं. माझ्या उत्तरात एका शब्दाची चूक नव्हती.

घरी जाऊन तिने ते रडत रडत जावेला सांगितलं. जावेने दिराला, दिराने नवऱ्याला. चौथ्या दिवशी तिला दोन मुलांसकट पडवीत काढलं. तिलाही तेच विचारलं, ‘‘तू आमची कोण?’’ तिला घराबाहेर काढायला लागणारं वाक्य मीच तिच्या हातात दिलं होतं. घरात कोण कोण आहे, हे ती कुणापुढे बोलेल, आज रात्री ती कुठे झोपेल, यातलं मी काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. माझ्या शिक्षणात ते कुणी विचारायला शिकवलंच नव्हतं.

ती सावरली ती एका संस्थेतल्या समाजकार्यकर्तीमुळे. ती कार्यकर्ती त्या वाड्यावर तीनदा गेली. ओट्यावर बसली, शेजारणीशी बोलली, मुलांच्या शाळेत गेली. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव, रेशनकार्डावर ‘पत्नी’ म्हणून नोंद, चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीखाली सगळ्या कुटुंबाचा काढलेला फोटो, असं सगळं तिने गोळा केलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. २००५ च्या कायद्यात ‘विवाहसदृश संबंध’ही धरले जातात, हे मला पाठ होतं. पण ते कोर्टापुढे शाबीत करायला जे लागतं, ते शाळेच्या रजिस्टरात आणि माटोळीखाली असतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या कागदांवर तिला त्याच घरात राहण्याचा आदेश मिळाला आणि मुलांचा खर्चही.

म्हणून दोन्ही शिकायची तुझी ओढ मला मनापासून पटते. माझ्यात जे कमी होतं, ते तू स्वतःमध्ये असावं म्हणतेस. फक्त एवढं बघ, त्या प्रकरणात आम्ही दोघी होतो, आणि दोघी असणं हे कामाचं ठरलं. एकीने दोन्ही करायचं म्हटलं तर काय अडचण येते, ते आता सांगते. कॉलेजांच्या माहितीपत्रकात हे सापडत नाही.

वकील अशिलाच्या सांगण्याप्रमाणे चालतो. अशील म्हणाली, मला घटस्फोट नको, फक्त खर्च हवा, तर तुझं मत काहीही असो, तू खर्च मागायचास. समाजकार्यकर्ती बाईबरोबर तिच्या मुलांचा, म्हाताऱ्या सासूचा, कधी तर मारणाऱ्या नवऱ्याच्या दारूचाही विचार करते. बाईने वकिलाला विश्वासाने जे सांगितलं, ते तिच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ ते राखून ठेवतं. समाजकार्यकर्तीला असं कवच नाही. कोर्टाने साक्षीला बोलावलं की तिला सांगावं लागतं. आता समज, एखादी बाई तुला एकटीला गाठून म्हणाली, ‘‘ताई, तुला म्हणून सांगते.’’ ती हे तुझ्यातल्या वकिलाला सांगते आहे की कार्यकर्तीला? तिला हा फरक कुठून कळणार? तो पहिल्या भेटीतच तू स्पष्ट करायचा. ‘या प्रकरणात मी तुमची वकील आहे’ किंवा ‘या प्रकरणात मी वकील म्हणून नाही, तुम्हाला वकील वेगळा मिळवून देईन.’ दोन्ही पदव्या असलेल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर म्हणावं लागतं. मुलांच्या लैंगिक शोषणाची गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायद्याचं कलम १९ ‘कोणत्याही व्यक्तीला’ पोलिसांना कळवायला लावतं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आई हात जोडून ‘नको’ म्हणत असेल तेव्हाही. तू काम करतेस तिथे हा प्रसंग येणारच, म्हणून आजच सांगून ठेवते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे, वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगाराची नोकरी करता येत नाही. सनद घेतलीस आणि मग संस्थेत पगारावर रुजू झालीस, तर ते बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागेल. म्हणजे पदव्या दोन असल्या, तरी एका वेळी खुर्ची एकच. संस्थेच्या पगारावर राहून तिच्याच बायकांसाठी कोर्टात उभं राहीन, असं तुझ्या मनात असेल, तर ते तसं होणार नाही. वकिली मोकळी ठेवायची असेल, तर संस्थेचं काम पॅनलवरची वकील म्हणून, दर प्रकरणाच्या मानधनावर घ्यावं लागेल. पहिली दोन-तीन वर्षं त्यात हाताला फार थोडं लागतं, हेही बाबांना आधीच सांगून ठेव.

मग करायचं काय? माझं मत विचारशील तर, आधी कायदा, आणि तोही गोव्यातच.

गोव्यात का, तर लग्न, घटस्फोट, नवरा-बायकोची मालमत्ता यांना इथे अजूनही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे कायदे लागतात. वारशाचा कायदा २०१२ चा, तो २०१६ पासून लागू झाला, आणि त्यातली इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मिळकत वाटून देण्याची पद्धत देशात इतर ठिकाणी शिकवत नाहीत. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या घराचा प्रश्न आला की १९७५ चा कायदा, आणि मामलेदारापुढची सुनावणी. तुझ्या संस्थेत येणाऱ्या बायकांचे निम्मे प्रश्न यातलेच असणार. पणजीजवळ मिरामारला साळगावकर लॉ कॉलेज आहे, मडगावला कारे लॉ कॉलेज. तीन वर्षांच्या एलएलबीला बार कौन्सिल पदवीला ४५ टक्के मागते, तुला ६२ आहेत. घरी राहून, कदंब बसच्या पासावर हे शिक्षण होतं. परराज्यात खोली घेऊन राहण्याचा खर्च वाचतो.

आधी कायदा का, तर कायदा तुटक तुटक शिकता येत नाही. हजेरी ७० टक्के लागते, आणि एकदा सुटला की नोकरी धरून परत यायला फार थोड्यांना जमतं. समाजकार्याचं तसं नाही. ते तू दीड वर्ष करते आहेस आणि एलएलबीच्या तीन वर्षांतही सोडायचं कारण नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि ती स्वयंसेवी संस्थेतही चालते. बहुतेक मुलं ती पूर्ण एखाद्या ओळखीच्या वकिलाच्या ऑफिसात फाइली लावून संपवतात. तू ती वाटून घे. काही आठवडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, काही खालच्या कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या मागे, काही अशा संस्थेत जिथे मुलांची किंवा मानसिक आजारी माणसांची प्रकरणं येतात. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात पहिल्या वर्षीच नाव दे.

दूरशिक्षणाचं एमएसडब्ल्यू सोबत करावं का? इग्नू या मुक्त विद्यापीठाचं आहे, आणि त्यातही फील्डवर्क सक्तीचं आहे. नियम अडवत नाही, पण मी पहिल्या वर्षी करू देणार नाही. कायद्याचं पहिलं वर्ष अंगावर येतं. ते पार पडलं, हातात वेळ आहे असं वाटलं, तर दुसऱ्या वर्षी विचार कर. एक धोका मात्र सांगते. समाजकार्य हे शिक्षकाच्या नजरेखाली शिकायचं काम आहे. आज त्या घरी तू असं का बोललीस, तिथे गप्प का राहिलीस, हे दर आठवड्याला कुणीतरी समोर बसवून विचारलं पाहिजे. दूरशिक्षणात ते माणूस चांगलं मिळालं तर नशीब. म्हणून जमलं तर एमएसडब्ल्यू नंतर, नियमित, वर्गात बसून कर. पणजीच्या डॉन बॉस्कोमध्ये समाजकार्य शिकवतात. बाहेर जायची तयारी झाली तर मुंबईला टाटा संस्था, निर्मला निकेतन, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था आहे. कोर्टात वर्ष-दीड वर्ष काढून मग एमएसडब्ल्यूला गेलीस, तर काय शिकायचं आहे हे तुला नेमकं ठाऊक असेल.

याच्या अगदी उलट सल्लाही मी देऊ शकते, आणि तो तुझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल. कोर्टाचा ज्याला मनापासून कंटाळा आहे, त्याने एमएसडब्ल्यूच करावं आणि कायद्याचं लागेल तेवढं शिकून घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ बघ. २०१५ च्या कायद्याप्रमाणे तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते एका बाकावर बसतात, त्यातली एक बाई असावीच लागते. मतभेद झाला तर बहुमत चालतं. म्हणजे दोघं समाजकार्यकर्ते एक झाले तर मॅजिस्ट्रेटचं मत मागे पडतं. त्या खुर्चीवर बसायला एलएलबी सक्तीचं नाही, मुलांबरोबरच्या सात वर्षांच्या कामावरही ती मिळते.

तू या दोघांतली कोण, हे कळायला एक साधी गोष्ट कर. संस्थेतून चार दिवसांची रजा घे आणि डिचोलीच्या किंवा म्हापशाच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. काही प्रकरणं बंद दरवाजाआड चालतात, बाकीचं कामकाज सगळ्यांना खुलं असतं. सकाळी दहापासून ताटकळलेली बाई, चार वाजता तिचा पुकारा, तीन मिनिटांत पुढची तारीख. चौथ्या दिवशी तुझी चिडचिड होईल, ती सगळ्यांची होते. पण चिडचिड होऊनही ‘त्या वकिलाने हा मुद्दा मांडायला हवा होता’ असं मनात येत असेल, तर तू कायद्याची. आणि कोर्टात काय झालं त्यापेक्षा ती बाई बाहेर पडून कुठल्या बसमध्ये चढली याकडे तुझं लक्ष असेल, तर आधी एमएसडब्ल्यूला जा. मी वरती काहीही म्हटलेलं असो.

आता घरचे. मामाला सांग, सरकारी वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या जागा असतात, पण त्या परीक्षा आणि अनुभव मागतात. तीन वर्षं संपताच नोकरी, असं ते नाही. बाबांचं ‘एक काय ते धड कर’ हे मला चुकीचं वाटत नाही. ट्रक घेतला तेव्हा सगळं एकाच धंद्यावर लावून ते एकदा पोळले आहेत, तरी तुला एकच कर म्हणतात, म्हणजे त्यांना तुझा वेळ आणि पैसा दोन्हीकडे फाटलेला बघायचा नाही. त्यांच्यापुढे पाच वर्षांचा बेत मांडू नकोस. तीन वर्षांचा मांड. फी किती, बसचा पास किती, संस्थेत शनिवार-रविवारचं काम ठेवून महिन्याला घरात किती देशील, हे एका कागदावर लिहून दे. सनदेचा खर्चही लिही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की अधिवक्ता कायद्यात आहे तेवढीच नोंदणी फी घ्यायची, सर्वसाधारण गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी हाच आकडा कित्येक राज्यांत हजारोंमध्ये जायचा.

आईचं वय आणि लग्न. एलएलबी संपेल तेव्हा तू २६-२७ ची असशील. या क्षेत्रात ते कोवळंच वय. बाल न्याय मंडळावर बसायलासुद्धा वयाची पस्तिशी लागते. लग्नाबद्दल आईशी भांडू नकोस, आणि शब्दही देऊ नकोस. एवढंच म्हण, ‘‘जो कुणी येईल त्याला माझं कॉलेज चालू आहे हे पहिल्या दिवशी सांगायचं.’’ त्यावर जो मागे फिरेल तो बरा फिरला.

प्रवेशाला अजून अवधी आहे, तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. तालुका विधी सेवा समितीत जाऊन पॅरालीगल स्वयंसेवक, म्हणजे पीएलव्ही होण्याबद्दल विचार. थोडं प्रशिक्षण देतात, ओळखपत्र देतात. ‘तू कोण’ या प्रश्नाला गळ्यात दाखवण्यासारखं उत्तर तुला तीन वर्षं न थांबता मिळेल.

आणि त्या बाई. तुझ्या चार पानी पत्रात त्यांचं पुढे काय झालं, ते कुठेच आलेलं नाही. त्या नवऱ्याकडे परत गेल्या की माहेरी, मुलं कुणाकडे आहेत, काही कळत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी, असं कायदा म्हणतो. पाऊस सरून किती महिने झाले, तरी अर्ज करायची वेळ गेलेली नाही. या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन ये. एकटी जाऊ नकोस, संस्थेतल्या मोठ्या कुणाला तरी बरोबर घे. तक्रार करा म्हणून सुरुवात करू नकोस. चहा दिला तर घे, आणि आधी विचार, रात्री झोप लागते का. अर्ज करायला त्या हो म्हणाल्या, तर त्यांच्याच शब्दांत लिहून घे, दोन प्रती कर, आणि मला कळव.

तुझी ताई